सरळ केलेलं जहाज

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या." मी म्हणालो, "सुताराच्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असतं? नांगर केले, तिफणी केल्या, बैलगाड्या केल्या, दारं-चौकटी केल्या, पाळणे केले. आणि हो, एक जहाज केलं." ते हसले. चहा संपला तरी हसतच होते. पाटोद्यात जहाज म्हटल्यावर हसू येणारच, त्यांचा दोष नाही. बालाघाटाच्या माथ्यावरचा आमचा मुलूख, उन्हाळ्यात घागर भरायला बारवेच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरावं लागायचं. पण ते हसले म्हणून मी लिहायला बसलो, नाहीतर माझ्या हातात लेखणी द्यायची ताकद कुणात नव्हती.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. तेव्हा मी तिशीच्या अलीकडं-पलीकडं असेन. हात चांगला चालायचा आणि तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. वेशीबाहेर लिंबाखाली माझी कामाची पडवी होती. समोर उघडा माळ. चैत्र-वैशाखात दुपारी त्या माळावर पाणी लवलवताना दिसायचं. ते पाणी नसतं हे आमच्याकडच्या शेळीलाही ठाऊक असतं. तरी मी रंधा थांबवून त्याच्याकडं बघत बसायचो. कुणी विचारलं, "काय मिस्त्री, काय बघायलात?" की सांगायचो, "लाकूड वाळायची वाट बघतोय."

आता लाकडाचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं, झाड तोडलं की लाकूड मेलं. मरत नाही ते. हवेतली ओल पितं आणि उन्हात ओकतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. गावच्या पाटलांचा एक दरवाजा पावसाळ्यात उघडायचा नाही आणि उन्हाळ्यात लागायचा नाही. पाटील माझ्यावर गरम झाले की मी म्हणायचो, "बरंच आहे की पाटील, श्रावणात चोर आत शिरला तर सकाळपर्यंत जागेवर सापडेल." तर फळीची एक बाजू जास्त वाळली की फळी त्या बाजूला ओढली जाते. कधी तिला पन्हळीसारखा खोलगट आकार येतो, कधी लांबीत वाकते, आणि कधी एक टोक इकडं आणि एक तिकडं, असा पीळ पडतो. पिळाला सगळे सुतार भितात.

सरळ करायची रीत सोपी आहे, पण दमानं करावी लागते. फळीची खोलगट बाजू ओल्या गवतावर पालथी घालायची, फुगीर पाठ उन्हाला द्यायची. खालची बाजू ओल पिऊन फुगते, वरची वाळून आक्रसते आणि फळी आपोआप खाली बसते. पीळ असेल तर उकळत्या पाण्याची वाफ द्यायची आणि दोन टोकं उलट्या बाजूला पिळून, दाबून, पाचरी मारून ठेवायची. सरळ झाली तिथं थांबायचं नाही. जरा पलीकडं न्यायची, कारण सोडल्यावर ती थोडी परत येते. किती पलीकडं, ते कुठल्या गजानं मोजता येत नाही. ते हाताला कळतं, आणि माझ्या हाताला फार चांगलं कळायचं. ही बढाई आहे, असू द्या.

आणखी एक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. आम्ही गाडीसुतार लाकूड कधी वाकवत नाही. चाकाचा पाटा गोल लागतो, तर तो रुंद ओंडक्यातून गोलच कापून काढायचा. जू बाकदार पाहिजे, तर तसंच बाकदार खोड रानात शोधायचं. चांगली सरळ फळी घेऊन ती मुद्दाम वाकवायची, हे माझ्या बापानं केलं नाही, आज्यानं केलं नाही. म्हणून वाकलेली फळी म्हणजे बिघडलेली फळी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

चैत्रात बिरा आबांचा मेंढरांचा वाडा माझ्या पडवीमागच्या वावरात बसला. मेंढरं रानात बसवली की लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी धनगरांना बोलावून घेतात. बिरा आबा दरसाल यायचे. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं, बोलणं मोजकं. बरोबर मोत्या नावाचा पिवळा कुत्रा. त्या साली त्यांच्यामागं आणखी एक माणूस होता. पस्तिशीचा, काळाभोर, आणि चालताना पाय जरा फाकून टाकायचा.

"हा कोण, आबा?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली बघून म्हणाले, "मोत्या, मिस्तरीला सांग, म्हाद्या हाय म्हणून."

मोत्यानं शेपूट हलवलं. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग कळलं ते असं. म्हादू हा आबांचा एकुलता एक. बारा वर्षांमागं नगरच्या बाजाराला घोंगड्या घेऊन गेलता, तो परतलाच नाही. आई वाट बघून बघून गेली. कुणीतरी येऊन सांगितलं, इंग्रजी मुलखात तुरुंगात आहे, खडी फोडताना बघितला. आणि आता माघ महिन्यात हा माणूस चालत आला आणि म्हणाला, मी समुद्रावर होतो, जहाजात. आबांना तो नुसता खोटारडेपणा वाटला. त्या दिवसापासून ते पोराशी बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर मोत्याला सांगायचे. "मोत्या, त्याला म्हणावं, कोकरं बांध." "मोत्या, त्याला इचार, भाकर खाल्ली का." म्हादू तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा, ऐकायचा आणि करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हादू एक गोणपाट घेऊन माझ्याकडं आला. पडवीत ओतलं. चाळीसएक लाकडी तुकडे, पातळ फळ्या, काड्या, एक लांब कणा, कमानीसारख्या बरगड्या. सागवान होतं, उत्तम. पण फळ्या अशा पिळलेल्या की चुलीवरच्या पापडासारख्या.

"हे काय बे?"

"जहाज हाय, मिस्तरी. करोडगिरीच्या जकातनाक्यावर बी असंच इचारलं. साब म्हणला, ‘ये क्या है?’ म्या म्हणलं, जहाज हाय. त्यानं डोंगराकडं बघितलं अन् म्हणला, ‘चलाओगे कहाँ?’"

मी हसलो. तो हसला नाही. जहाजावर एक म्हातारा मलबारी सुतार होता, त्याच्या हाताखाली बसून म्हादूनं आपल्याच जहाजाची ही दोन हात लांब नक्कल केली होती. समुद्रावर होती तोवर चांगली राहिली. आपल्या कोरड्या हवेत आली, आबांच्या ओझ्याच्या घोड्याच्या पाठीवर हिंदकळली, चिकटवलेला सरस सुटला आणि एकेक फळी उन्हानं पिळत गेली.

"पीळ तेवढा काढून ठिव, मिस्तरी. आमी सिरसाळ्याकडं जाऊन महिन्यानं ह्याच वाटेनं येऊलालोय. आलो की मी जोडतो."

"आणि जोडून करणार काय?"

तो माळावरच्या त्या खोट्या पाण्याकडं बघत होता. मग म्हणाला, "आबांनी एकदा माझ्याशी बोलावं, बास. ते म्हणत्यात, तुरुंगात होतो म्हण, माफ करतो, पर समुद्राचं सांगू नको."

"मग म्हणून टाक की बे. बापच आहे. एका वाक्यात मोकळा होशील."

"मंग बारा वर्सं कुठं ठिऊ, मिस्तरी?"

मागनं आबांचा आवाज आला. ते कुऱ्हाडीला दांडा बसवायला सांगायला आले होते. "मोत्या, त्याला म्हणावं, बाजारात असली खेळणी लई मिळत्यात." म्हादूनं मान खाली घातली आणि रिकामं गोणपाट झटकून गेला.

तो महिना मला आजही स्वप्नासारखा आठवतो. लग्नसराई होती, पाळण्यांची आणि पलंगांची कामं पडून होती, आणि मी मात्र जहाजाच्या फळ्या घेऊन बसलेलो. बारवेकाठचं ओलं गवत आणून पडवीपुढं अंथरायचो. त्यावर फळ्या पालथ्या घालायच्या आणि लिंबाखाली टेकून बसायचं. वारा सुटलेला असायचा. गवताचा आणि भिजल्या सागाचा वास यायचा. लाकूड हलताना बारीक आवाज करतं, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. तो ऐकत डोळे मिटायचे. मी समुद्र पाहिलेला नाही, आजतागायत नाही. पण तेव्हा रोज दुपारी बघायचो. माळावरचं पाणी खरं व्हायचं, हळूहळू पुढं सरकायचं, पडवीच्या पायरीला लागायचं, आणि माझ्या गाड्यांच्या साट्या, धुऱ्या, चाकं सगळं अलगद उचलून तरंगायला लागायचं. बायको भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, ऊन तोंडावर आलंय, उठा." मी म्हणायचो, "काम चालू आहे." आणि ते खोटं नव्हतं. झोपेतही माझी फळी सरळ होत होती.

पीळ निघाला. आठ-दहा दिवसांत निघाला. तिथं थांबायला पाहिजे होतं. म्हादूनं तेवढंच सांगितलं होतं.

पण पीळ निघाल्यावर दिसलं की प्रत्येक फळीत आणखी एक बाक उरलाय. पोटाशी फुगीर, टोकाला वर गेलेला. लांब कणाही मधे किंचित खाली झुकलेला. वरचं तक्तपोशीचं पान, म्हणजे जहाजावर माणसं चालतात त्या फळ्या, मधे उंच. मला वाटलं, हे तर आणखी जुनं दुखणं. मलबाऱ्याच्या हातून नीट बसलं नसेल. आपण कोण आहोत ते दाखवू. वाफ दिली, उलट्या बाजूला ताणलं, पाचरी मारल्या, वर जात्याचे दगड ठेवले. तो बाक निघता निघेना. अडाणी माणसालाही तिथंच शंका आली असती. मी हट्टाला पेटलो. शेवटी निघाला. सगळ्या फळ्या एकावर एक रचून गुण्या लावला. केस जाईल एवढी फट नाही. मी गावातल्या चार लोकांना बोलावून दाखवलं.

वैशाख सरता सरता मेंढरं परत आली. म्हादू वाडा लावायच्या आधीच धावत माझ्याकडं आला. आबाही मागोमाग आले, कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी, आणि सावलीला बसले. मोत्या त्यांच्या पायाशी. मी फळ्यांवरचं फडकं उचललं आणि बाजूला झालो, शाबासकी घ्यायला.

म्हादूनं एक फळी उचलली. डोळ्यासमोर धरून तिच्या कडेवरून बघितलं. दुसरी उचलली. तिसरी. मग सगळ्या खाली ठेवल्या आणि तिथंच बसला.

"काय झालं बे? तोंड कावून पाडलंस?"

"पीळ काढ म्हणलतो, मिस्तरी." त्याचा आवाज लई हळू होता. "तू समदंच काढलंस."

मी चिडलो. "सरळ केलं हा गुन्हा झाला का?"

त्यानं बरगड्या कण्यावर उभ्या केल्या आणि एक फळी लावून दाखवली. मधे टेकली, दोन्ही टोकांना चार-चार बोटं उघडी. दुसरी लावली, तीही तशीच. तो म्हणाला, "जहाजात एक बी फळी सरळ नसती, मिस्तरी. पाणी सरळ फळीला फोडतं. बाकाला वाट देतं." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि कानशिलं तापली. माझ्या आज्याबापानं जे कधी केलं नव्हतं ते त्या मलबाऱ्यानं केलं होतं, सरळ फळी मुद्दाम वाकवली होती. आणि मी ती बिघडलेली समजून दगडाखाली घातली. चार माणसं बोलावून दाखवलीही.

आबा सावलीतून म्हणाले, "मोत्या, बघ. जहाजाचा पाट झाला. खोट्याचं असंच व्हतंय." मग जरा थांबून, "त्याला सांग, परवा हलायचं हाय. मिरगाच्या आत घर गाठायचं हाय."

म्हादू उठला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "जाऊ दे मिस्तरी. तुझ्यावर राग न्हाई. म्हणून टाकतो मी. तुरुंगात होतो म्हणून. म्हातारा माणूस हाय, आज हाय उद्या न्हाई. त्याच्या तोंडातनं माझं नाव आलं म्हंजे झालं." आणि तो खरंच आबांकडं वळला.

मीच त्याला ते सुचवलं होतं महिन्याआधी. आता ते ऐकवेना. माझ्या हट्टापायी एक माणूस आपली बारा वर्षं टाकून द्यायला निघाला होता. मी त्याचा दंड धरला. "थांब बे. मी बिघडवलंय, मीच वाकवतो. फक्त किती वाकवायचं ते तू सांग. नकाशा आहे का?"

"नकाशा कुठला? फळ्याच नकाशा व्हत्या. बरगड्या बी उन्हानं हलल्यात, त्यांचा भरवसा न्हाई."

"मग आठवून सांग."

"मोत्या," आबा म्हणाले, "काय आठवतंय त्याला, बघ तरी." आणि आबा उठून गेले नाहीत. दांडा त्यांच्या हातात होता, काम झालं होतं, तरी बसून राहिले.

मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. पाटावर खुंट्या ठोकल्या, त्यांच्यात फळी अडकवून वाकवायला. म्हादूनं डोळे मिटले. मी वाफवलेली फळी वाकवायचो आणि तो तळहात तिच्यावरून फिरवायचा. "अजून. अजून. बास. आता टोक वर घे, हितं नाळ हाय, हितं पाणी दोनीकडं जातंय." नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तेव्हा मला कळलं. डोळे मिटून तो तिथं नव्हताच. एका फळीवर हात ठेवून म्हणाला, "हितं टेकून मी जंगबारचा, आफ्रिकेचा किनारा पहिल्यांदा बघितला. काळी रेघ." दुसऱ्या फळीला म्हणाला, "हितं लिंबं ठिवायचो." आबा ऐकत होते. त्यांचं तोंड मी बघत होतो, त्यावर काही हललं नाही. गोड बोलणारे लबाड त्यांनी बाजारात खूप बघितले असतील.

वरच्या फळ्या झाल्या. खालच्या, पोटाच्या फळ्यांपाशी म्हादू अडला. हात फिरवला, मान हलवली. "ह्या हाताला ठाऊक न्हाईत, मिस्तरी. ह्यांना कधी हात लावला न्हाई. ह्यांच्याजवळ आमी निजायचो." मग पडवीच्या कोपऱ्यात करवतीच्या भुशाचा मोठा ढीग होता तिकडं गेला. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी भुसा उपसला. डाव्या बाजूला उंच बांध केला, उजवीकडं उतार. आणि त्यात अंगाची वळकटी करून, पाठ त्या बांधाला लावून झोपला. जरा इकडं-तिकडं सरकला. "हां," म्हणाला. मग अलगद उठला.

भुशात त्याच्या पाठीचा साचा उमटला होता. खाली खोल, वर जाताना बाहेर फुगत गेलेला आणि वरच्या टोकाला पुन्हा आत वळलेला. "हीच जहाजाची कूस, मिस्तरी. बारा वर्सं पाठीला हीच व्हती."

मी काठी घेऊन त्याचं माप काढायला वाकलो, तेवढ्यात आबा उठून जवळ आले. त्या खड्ड्याकडं बघत उभे राहिले. हातातला दांडा खाली पडला तो त्यांनी उचलला नाही. मग बसले आणि आपला हात त्या भुशातल्या बांधावरून खालून वर फिरवला.

"मिस्तरी," आबा मला म्हणाले, "ह्यो खड्डा मी रोज बुजवतो."

मला कळलं नाही.

"माघापासनं. ह्यो रातीला सपाट रानात निजत न्हाई. माती उकरतो, डावीकडं बांध घालतो, त्याला पाठ लावून निजतो. सकाळी हा मेंढरामागं गेला की मी बुजवतो. कोकराचा पाय मोडंल म्हणून." त्यांनी पुन्हा हात फिरवला. "हाताला पाठ हाय मला. असाच. ह्योच. मला वाटायचं, तुरुंगातली सवय आसंल."

म्हादूनं बापाकडं बघितलं. बापानं त्याच्याकडं नाही बघितलं. पण आबा परवा हलले नाहीत, तेरवाही हलले नाहीत. चार दिवस माझ्या पडवीत बसले. भुशातल्या साच्यावर आडव्या काड्या ठेवून मी प्रत्येक ठिकाणचं माप घ्यायचो, ते लहान करून फळीवर उतरवायचो, आणि फळी वाफेवरून काढून खुंट्यांत घातली की आबा तिच्यावर हात ठेवायचे. "मोत्या, मिस्तरीला सांग, हितं अजून आत." आता मी पण मोत्याच्या तोंडून ऐकायला लागलो होतो. चुकत नव्हते म्हातारबुवा. चार महिने रोज सकाळी त्यांनी जहाजाची कूस हातानं चाचपली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

एक फळी माझ्या हातात मोडली. दोनदा उकडलेलं आणि ताणलेलं लाकूड, तिसऱ्यांदा ऐकेना. तिच्या जागी मी गाडीसाठी राखलेल्या ओल्या बाभळीची पातळ फळी काढून घातली. माझ्या स्वतःच्या लाकडातली, मुद्दाम वाकवलेली ती पहिली फळी. त्या जहाजाच्या पोटाला अजूनही पाटोद्याची बाभूळ असेल, असेल तिथं. ते कुठं आहे मला माहीत नाही. पुढं दोन-तीन साल बिरा आबांचा वाडा आला, घोड्याच्या पाठीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं जहाजही यायचं, मीच सांगितलं होतं, ओल मोडू देऊ नका. नंतर ते दुसऱ्या बाजूला जायला लागले. मला एका गोष्टीची लाज अजून वाटते. गावात लोक म्हणायचे, मिस्त्रीनं धनगराला जहाज करून दिलं. मी कधी कुणाला सांगितलं नाही की त्याआधी मी ते सरळ करून ठेवलं होतं. आज लिहिलं, बरं वाटलं.

आता शेवटचा दिवस. सांधे कापसाच्या दोऱ्यानं आणि राळेनं बुजवले, डोलकाठी उभी केली, माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याचं शीड लावलं. सकाळची वेळ, बारवेपाशी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण भरलेली. मेंढरं हलायच्या तयारीत होती. म्हादूनं जहाज डोणीत सोडलं. ते एका अंगाला कललं आणि सांध्यांतून पाणी पिऊ लागलं. मी ते उचलायला हात घातला. म्हादू म्हणाला, "थांब मिस्तरी, पिऊ दे. फुगंल लाकूड." तो ते पुन्हापुन्हा उचलून रितं करायचा आणि सोडायचा. घटकाभरानं फळ्या फुगल्या, एकमेकींना भिडल्या, पाणी यायचं थांबलं. जहाज सरळ उभं राहिलं. मेंढरं डोणीला तोंड लावून प्यायला लागली, त्यांच्या पिण्यानं पाणी हललं, आणि त्या हलत्या पाण्यावर ते हळूहळू वर-खाली होऊ लागलं. म्हादूचं अंगही त्याच्याबरोबर डोलत होतं, त्याला पत्ता नव्हता.

आबा डोणीच्या काठावर दोन्ही हात टेकून वाकले होते. मोत्या त्यांच्या पायाशी बसून वर बघत होता. आबांचे ओठ हलले. मी वाट बघितली, आता म्हणतील, मोत्या, त्याला सांग.

"किती खोल आसतंय रे, म्हादू?" आबा म्हणाले.

म्हादूनं डोणीचा काठ धरला. मग म्हणाला, "पाय टेकत न्हाईत, आबा."

"अन् तू हितं निजायचास." आबांनी ओल्या फळीला बोट लावलं. "पाण्याच्या ह्या अंगाला."

"व्हय, आबा."

"भ्या वाटायचं का?"

"वाटायचं. लई वाटायचं."

"तुज्या आईला बी वाटायचं," आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर, जिथं ती कूस लागायची तिथं, हात ठेवला.

मोत्या एकदा बापाच्या तोंडाकडं आणि एकदा लेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या दिवशी त्याला कुणीच काही सांगितलं नाही.